अक्कलदाढ काढल्यावर : टाके, जखम आणि घरची निगा

अक्कलदाढ काढून माणूस घरी आला की मोबाइलची बॅटरी लावून त्याच्या तोंडात डोकावायची घाई सगळ्यांनाच होते. मग कोणीतरी म्हणते, 'डॉक्टरांनी नीट शिवलेच नाही, मागे भोक तसेच आहे.' दुसऱ्या घरी हिरडी पूर्ण शिवलेली असते, गाल फुगतो, आणि 'टाके फार घट्ट घातले' अशी तक्रार होते. या दोन्ही तक्रारी आम्ही इतक्यांदा ऐकल्या आहेत की या अंकात टाक्यांविषयीच लिहायचे ठरवले.

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी होऊन हाडात किंवा हिरडीखाली अडकते. तिच्यावरच्या हिरडीखाली अन्न साचते, पू होतो, तोंड उघडेना होते. अशी दाढ नुसती उपटून निघत नाही. जागा बधिर करून हिरडीला छेद देतात, थोडे हाड कोरतात, बहुतेक वेळा दाढेचे तुकडे करून ती बाहेर काढतात. मग प्रश्न येतो जखम बंद करण्याचा.

याच्या दोन रीती आहेत. एकीत हिरडीच्या कडा जुळवून जखम पूर्ण शिवतात. कडा लवकर सांधतात, अन्न आत जात नाही. पण आत साचणाऱ्या रक्ताला आणि पाण्याला वाट राहत नाही, म्हणून सूज जास्त येऊ शकते. दुसरीत एकदोन टाके घालून थोडी वाट मुद्दाम मोकळी ठेवतात. पहिले काही दिवस सूज आणि दुखणे बहुधा कमी राहते, पण खड्डा भरायला वेळ लागतो आणि तो स्वच्छ ठेवावा लागतो. म्हणजे मागे दिसणारे भोक हा हलगर्जीपणा असेलच असे नाही. कोणती रीत निवडायची ते दाढ आणि हाड पाहून डॉक्टर ठरवतात. आपण निघताना एवढेच विचारावे : जखम बंद केली की मोकळी ठेवली, आणि टाके काढायला यायचे का?

कारण धागेही निरनिराळे असतात. काळा रेशमी धागा विरघळत नाही, तो साधारण आठवड्याने काढावा लागतो. तो विणलेला असल्याने त्यात अन्नाचे कण अडकतात, म्हणून तारीख चुकवू नये. पॉलिग्लॅक्टिनचा धागा कृत्रिम असतो आणि काही आठवड्यांत आपोआप गळून जातो. कॅटगटही विरघळतो. नावात मांजर असले तरी तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून करतात. ज्यांच्या मनाला हे खटकेल त्यांनी आधीच सांगावे, कृत्रिम धाग्याचा पर्याय असतो.

टाक्यांइतकीच मोलाची आहे खड्ड्यातली रक्ताची गुठळी. हाडावरचे ते झाकण आहे. ते निसटले तर दोनतीन दिवसांनी कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला दुर्गंधी येते. मग गोळ्या वाढवत बसू नये, दवाखान्यात जाऊन जखम धुऊन औषध भरून घ्यावे. म्हणूनच पहिले 24 तास जोराने चूळ, थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे बंद. वजूचे काय, असे नमाजी माणूस विचारणारच. डॉक्टरांनी चूळ अजिबात नको म्हटले असेल तर त्या दिवसापुरते इमामसाहेबांना विचारून घ्यावे. एरवी पाणी हलकेच घ्यावे आणि मान कलती करून आपसूक पडू द्यावे. मिस्वाक जखमेच्या बाजूला फिरवू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. बिडी-सिगारेट, तंबाखू आणि आपल्या घरांतल्या बायकांची मिश्री, यांनी जखम हमखास रखडते. मिश्रीला कोणी तंबाखू म्हणत नाही म्हणून डॉक्टरांनाही सांगत नाही. ते सांगायलाच हवे.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, पंधरा-वीस मिनिटे ठेवून तेवढाच वेळ काढायचा. खायला गार दही, मऊ खिचडी, पेज, खीर. पण घरातल्या बाईची दाढ काढली असेल तर ही खिचडी करणार कोण? सकाळी टाके घालून आलेली बाई दुपारी चुलीपुढे उभी, हे आम्ही पाहतो. वाकणे, जड उचलणे, शेगडीची धग यांनी रक्त पुन्हा सुटते. दोनतीन दिवस सैपाक दुसऱ्या कोणी करावा, मुलग्यांनीही. काम थांबण्यासारखे असेल तर रमजान टाळून तारीख घ्यावी, म्हणजे गोळ्यांच्या वेळा सांभाळता येतात. तातडी असेल तर थांबू नये, आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहेच. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरते. थुंकी गुलाबी येणे पहिल्या दिवशी चालते. तोंड रक्ताने भरू लागले तर स्वच्छ गॉजची घडी अर्धा तास घट्ट चावून धरावी, तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा. भूल उतरल्यावरही ओठ किंवा जीभ बधिर राहिली, तर डॉक्टरांना कळवावे. आणि ताप चढला, सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्यावे.