‘काही करत नाही हो तो!’

सकाळी साडेसहाची वेळ. हास्यक्लबची मंडळी हात वर करून गडगडाटी हसायच्या बेतात असतात, जॉगिंग ट्रॅकवर आजोबांची तिसरी फेरी चाललेली असते, आणि तेवढ्यात हिरवळीवरून एक सोनेरी लॅब्रॅडॉर उधळत येतो. आजोबा जागच्या जागी थिजतात. पन्नास पावलांवरून, हातात मोकळी दोरी गुंडाळून चालत येणारे मालक हसतहसत ओरडतात, ‘घाबरू नका काका, काही करत नाही हो तो!’

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही बागेत हे वाक्य ऐकू येतं. बोलणारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. त्याचा कुत्रा घरात पोरांच्या अंगावर झोपतो, मांजरीचा मार खातो, दिवाळीत फटाके वाजले की पलंगाखाली जाऊन बसतो. पण मालकाने हे सगळं पाच वर्षं पाहिलेलं असतं. ट्रॅकवरच्या आजोबांना तो कुत्रा दिसतो पाच सेकंद, तोही तोंड उघडं टाकून धावत येताना. बागेतल्या भांडणाचं मूळ इथे आहे. कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि न करणारे असे दोन तट पाडून वाद घातला की ते हमखास हातून निसटतं.

शिवाय मालकाची खात्री घरातल्या कुत्र्याबद्दल असते. बागेत गोष्ट बदलते. पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावणं ही कुत्र्याची उपजत प्रवृत्ती. चेंडू, सायकल, खार आणि किंचाळत पळणारं चार वर्षांचं मूल यांत फरक करायला त्याला शिकवावं लागतं. चावण्याआधी कुत्रा सहसा इशारे देतो. तो ओठ चाटतो, भलत्याच वेळी जांभई देतो, मान वळवतो, अंग ताठ करतो. मालक मागे फोनवर बोलत असेल तर ते पाहणार कोण? आणि मूल तर गुरगुरणाऱ्या कुत्र्यालाही मिठी मारायला जातं.

मोकळ्या कुत्र्याचा त्रास माणसांना होतो, तसा दुसऱ्या कुत्र्यांनाही होतो. दोन अनोळखी कुत्री आपल्या मनाने भेटतात तेव्हा वळसा घेत, बाजूने हुंगत भेटतात. त्यातलं एक दोरीला बांधलेलं असलं की ते वळसाही घेऊ शकत नाही आणि माघारही घेऊ शकत नाही. समोरून मोकळा कुत्रा सरळ अंगावर आला की त्याच्याजवळ दात दाखवण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. मग नियम पाळणाऱ्याचाच कुत्रा ‘भांडखोर’ ठरतो. घाबरट, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला लांबूनच जागा द्यावी, यासाठी त्याच्या दोरीला पिवळी फीत बांधण्याची मोहीम २०१२मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पोचली. फीत वाचायची ती माणसांनी, हे वेगळं सांगायला नको.

चावा न घेताही कुत्रा बरंच काही करू शकतो. तीस किलोच्या प्रेमळ कुत्र्याने दोन पाय खांद्यावर ठेवले तर सत्तरीतल्या बाईंचा खुबा मोडायला तेवढं पुरतं. एखाद्याला लहानपणी चावा बसलेला असतो, तो त्यानंतर बागेकडे फिरकतच नाही. नमाजाला निघालेल्या माणसाच्या कपड्यांना कुत्र्याची लाळ लागली तर त्याला ती धुवावी लागते. आणि आपल्या देशात ओरखड्यालाही रेबीजची भीती चिकटलेली आहे. दात किंवा नख लागून कातडी खरवडली की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. पुढे दंडात घ्यायच्या इंजेक्शनांचं नेहमीचं वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवसाचं. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही टोचतात. मालक लसीकरणाचा कागद दाखवतो, आणि त्याने दाखवायलाच हवा. तरी दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवावी लागते. ‘काही न करणाऱ्या’ कुत्र्याच्या एका उडीनंतर अनोळखी माणसाच्या महिन्याभराच्या तारखा अशा ठरून जातात.

कधी गोष्ट ओरखड्यावर थांबत नाही. ५ मे २०२४ रोजी, रविवारी, चेन्नईतल्या थाउजंड लाइट्स भागातल्या महापालिकेच्या उद्यानात दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीवर हल्ला केला. तिच्या डोक्याला गंभीर जखमा झाल्या, शस्त्रक्रिया करावी लागली. सोडवायला धावलेली आईही जखमी झाली. मालकाला अटक झाली. चेन्नई महापालिकेने त्यानंतर पाळीव कुत्र्यांचा परवाना, दोरी आणि तोंडाला जाळी यांची सक्ती नव्याने बजावली आणि मुलांच्या खेळायच्या जागेजवळ कुत्रे नेऊ नयेत असं सांगितलं. या बातमीतला एक तपशील मात्र जातींवरच्या वादात मागे पडला. ती मुलगी त्याच उद्यानाच्या रखवालदाराची होती. कुटुंब उद्यानातच राहत होतं.

आपल्याकडे बागेचा नियम राखायचं काम याच माणसावर सोपवलेलं असतं. रखवालदार बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस. त्याच्याकडे शिट्टी आणि काठी असते, दंडाचं पावतीपुस्तक नसतं. समोर उभा असतो पलीकडच्या टॉवरमध्ये राहणारा, नगरसेवकाला नावाने हाक मारणारा गृहस्थ. फाटकावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते आणि पाटीखालून रोज सात कुत्री आत जातात. रखवालदार बोलला तर नोकरीवर येतं, गप्प बसला तर बाकीचे लोक त्याच्यावर खेकसतात.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला सत्ता असली की काय होतं, ते दिल्लीने मे २०२२मध्ये पाहिलं. त्यागराज स्टेडियममध्ये सराव करणाऱ्या खेळाडूंना संध्याकाळी सातच्या सुमारास मैदान सोडायला लावलं जातं आणि थोड्या वेळाने एक सनदी अधिकारी तिथे कुत्रा फिरवतात, अशी बातमी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने फोटोसह छापली. केंद्राने त्या अधिकाऱ्याची लडाखला आणि त्यांच्या सनदी अधिकारी पत्नीची अरुणाचल प्रदेशात बदली केली. समाजमाध्यमांवर मग एकच प्रश्न फिरत राहिला: कुत्रा कुठे जाणार?

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय दंड संहितेच्या २८९व्या कलमाने गुन्हा होता. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमात आला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा एक हजारावरून पाच हजार रुपये झाली आहे. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१०मध्ये एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांचा चावा घेतला होता. त्या प्रकरणी मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली गेली जानेवारी २०२३मध्ये. रॉटवायलरचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. न्यायालयाची गती त्यावरून समजावी.

बंदी घालून मोकळं व्हावं, हा दुसरा सोपा मार्ग. तो बंगळुरूच्या कब्बन पार्कने चाचपून पाहिला. १८७०मध्ये उभं राहिलेलं हे उद्यान शहराच्या मध्यभागी आहे आणि तिथे रविवारी कुत्रेवाल्यांचा मेळा भरतो. मोकळे सोडलेले कुत्रे आणि न उचललेली घाण यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा उद्यान विभागाने १ जुलै २०२२पासून पाळीव कुत्र्यांना बंदी जाहीर केली. प्राणिप्रेमींनी गदारोळ केला आणि बंदी लांबणीवर पडली. खरं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत याचा विचार आधीच करून ठेवला होता. बागांतून कुत्र्यांना सरसकट हद्दपार करणं अदूरदर्शीपणाचं आहे, भरपूर व्यायाम मिळालेला कुत्रा शांत राहतो, त्यांच्या फिरण्याच्या वेळा आपसात ठरवून घ्याव्यात, असा त्याचा आशय. मंडळाचं म्हणणं शहाणपणाचं आहे. फक्त ‘आपसात’ म्हणजे कोणी कोणाशी, एवढंच मोघम राहिलं.

न्यूयॉर्कने ते मोघम ठेवलं नाही. तिथे रस्त्यावर आणि उद्यानात कुत्रा सहा फुटांहून लांब नसलेल्या दोरीला बांधलेला हवा. पण नेमून दिलेल्या उद्यानांच्या नेमून दिलेल्या भागांत, उद्यान उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊपासून उद्यान बंद होईपर्यंत, परवाना आणि रेबीजची लस असलेला कुत्रा मोकळा सोडता येतो. आधी ही नुसती वहिवाट होती. क्वीन्समधल्या एका नागरिक संघटनेने २००६मध्ये तिला कोर्टात आव्हान दिलं. निकाल शहराच्या बाजूने लागला, आरोग्य मंडळाने नियम बदलला आणि २००७मध्ये वहिवाटीला कायद्याचं रूप आलं. कुत्रेवाल्यांचा एक युक्तिवाद ऐकण्यासारखा होता: ज्या अवेळी उद्यानात गुंडांचं राज्य असतं, त्या वेळी आमच्या वर्दळीमुळे ते सुरक्षित होतं.

अर्थात नियम स्पष्ट असला म्हणून माणसं सरळ वागतात असं नाही. सेंट्रल पार्कमधला ‘रँबल’ हा सुमारे ३६ एकरांचा झाडीचा भाग पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. तिथे कुत्रा कुठल्याही वेळी बांधलेलाच हवा. २५ मे २०२० रोजी ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाने एका गोऱ्या बाईंना कुत्र्याला दोरी लावा असं सांगितलं. बाईंनी पोलिसांना फोन करून एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय असं कळवलं. कूपरने केलेलं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. बाईंची नोकरी गेली, खोट्या तक्रारीचा खटला भरला गेला आणि पुढच्या वर्षी समुपदेशनानंतर तो मागे घेतला गेला. वर्णद्वेषाच्या त्या चर्चेत मूळ मुद्दा बाजूला पडला, आणि ते साहजिकच होतं. पण कूपर भांडत होते ते जमिनीलगतच्या झुडपांसाठी. स्थलांतराच्या दिवसांत थकलेले छोटे पक्षी तिथे उतरतात.

कुत्र्याने शिकार केली नाही तरी त्याच्या वावराने रानातली घडी विसकटते, हे महाराष्ट्रातच दिसून आलं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी वनक यांनी खोकड आणि कुत्रा यांच्या संबंधांचा अभ्यास केला. कुत्रा आसपास असला की खोकड कमी खातं आणि मान वर करून जास्त वेळ टेहळणी करतं, असं त्यांना आढळलं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर मोर आहेत आणि लांडोर अंडी घालते ती जमिनीवर. ‘टेकडीवर कुठे माणसं असतात, सोडला तर काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

जर्मनीची तऱ्हा आणखी निराळी. हँबुर्गमध्ये दोरीची सक्ती आहे, पण मालक आणि कुत्रा यांची जोडी आज्ञापालनाच्या परीक्षेत पास झाली तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते. लोअर सॅक्सनी राज्यात तर नव्या मालकांना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे अशी परीक्षा ठेवली तर आठवड्याभरात तिचे एजंट उगवतील, पण कल्पना चोख आहे. ‘काही करत नाही’ हे मालकाने सांगायचं नाही, परीक्षकाने लिहून द्यायचं.

भारतीय मालकाची एक तक्रार मात्र रास्त आहे. त्याने दोरी लावायची आणि फाटकातून आलेली चार भटकी कुत्री मोकळी फिरणार. त्यांनी वेढलं तर बांधलेल्या कुत्र्याने काय करायचं? म्हणून अनेक जण दोरीबरोबर काठी घेऊन निघतात. भटक्यांचा प्रश्न नसबंदी आणि लसीकरणाच्या वाटेने सुटेल तेव्हा सुटेल. तोवर कुंपणाची स्वतंत्र जागा हाच व्यवहारी उपाय दिसतो. हैदराबादेत कोंडापूरला २०१८मध्ये सव्वा एकराच्या आसपास जागेवर कुत्र्यांसाठी उद्यान झालं. वांद्र्याच्या कार्टर रोडलाही एक छोटं आहे. अशा जागेला एकामागे एक दोन फाटकं लागतात, म्हणजे एक उघडलं तरी कुत्रा बाहेर निसटत नाही. लहान आणि मोठ्या कुत्र्यांचे भाग वेगळे असावे लागतात.

प्रत्येक वॉर्डात एवढी जागा मिळणं कठीण. मग उरतात वेळा, आणि तिथे न्यूयॉर्कची नक्कल जशीच्या तशी चालत नाही. तिथली बरीच उद्यानं मध्यरात्र उलटेपर्यंत उघडी असतात. आपल्या कित्येक महापालिका उद्यानांना दुपारी कुलूप लागतं आणि रात्री आठ-नऊलाही. उघडी असतात तेव्हा सकाळी ज्येष्ठ नागरिक आणि संध्याकाळी पोरं, अशी ती खचाखच भरलेली. दुपारी उघडावीत तर एप्रिल-मेच्या उन्हात फरशीवर कुत्र्याचे तळवे भाजतात. राहिला पहाटे पाच ते सहाचा तास. तो कुत्र्यांना द्यायचा तर पावणेपाचला येऊन फाटकाचं कुलूप काढणाऱ्या रखवालदाराच्या जादा तासाची तरतूद महापालिकेच्या ठेक्यात आधी करावी लागेल, आणि एक पावतीपुस्तकही.