चाकूरचे वकील, लोकसभेचे अध्यक्ष

१९९१ ते १९९६ या पाच वर्षांत देशातली तीन मोठी पदे जुन्या हैदराबाद संस्थानात जन्मलेल्या तीन माणसांकडे होती. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव तेलंगणातले, गृहमंत्री शंकरराव चव्हाण नांदेडचे आणि लोकसभेचे अध्यक्ष शिवराज पाटील लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे. तिघांनीही कायद्याचे शिक्षण घेतलेले. राव यांना मराठी उत्तम येई, ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली होती.

निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतूनच होते. सभा-संघटनांवर बंधने होती. अशा मुलखात सरकारी कागद वाचणारा आणि सरकारशी नियमावर बोट ठेवून भांडणारा माणूस म्हणजे वकील. सार्वजनिक कामाची वाट त्यामुळे बऱ्याचदा कायद्याच्या पदवीतून जाई. १९२० साली पैठणला जन्मलेले शंकरराव याच वाटेने गेले. उस्मानियातून कायद्याची पदवी घेतली, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या मुक्तिसंग्रामात उतरले, नांदेड नगरपालिकेत आले आणि पुढे पाटबंधारे खाते सांभाळून दोनदा मुख्यमंत्री झाले. ज्या पैठणला जन्म झाला, तिथेच जायकवाडीचे धरण उभे राहिले. १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा मुख्यमंत्रिपदी तेच होते. शिस्तीमुळे लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत.

शिवराज विश्वनाथ पाटील त्यांच्याहून पंधरा वर्षांनी धाकटे. जन्म १२ ऑक्टोबर १९३५, चाकूरच्या लिंगायत पाटील घराण्यात. तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. तो उस्मानाबादमधून १९८२ मध्ये वेगळा झाला. संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम तेरा वर्षांचे होते, म्हणजे मुक्तिसंग्राम त्यांच्या वाट्याला लढाई म्हणून आला नाही. विज्ञानाची पदवी त्यांनी उस्मानियातून घेतली आणि कायद्यासाठी मुंबई गाठली. लातूरला परतून वकिली केली, १९६७ मध्ये नगराध्यक्ष झाले. मग विधानसभा, विधी व न्याय खात्याचे उपमंत्रिपद, १९७८ मध्ये विधानसभेचे अध्यक्षपद आणि १९८० पासून लातूरची खासदारकी, सलग सात वेळा.

लातूरकरांना त्यांचा नीटनेटका पोशाख आणि तोलून-मापून बोलणे आठवते. त्यांचे खरे काम मात्र जिल्ह्यातही फारसे कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ते काम म्हणजे एप्रिल १९९३ मध्ये त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात सुरू झालेल्या संसदेच्या विभागवार स्थायी समित्या.

त्याआधी अर्थसंकल्पाचे काय होई? शेकडो पानांच्या अनुदान मागण्या आणि चर्चेला मोजके दिवस. दोन-चार खात्यांवर भाषणे व्हायची आणि उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एका मतदानात मंजूर. नव्या व्यवस्थेत सगळी मंत्रालये १७ समित्यांत वाटली गेली. प्रत्येक समितीत ४५ सदस्य, त्यांपैकी ३० लोकसभेचे आणि १५ राज्यसभेचे. अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा आटोपली की सभागृह काही काळ थांबते आणि समित्या बंद खोलीत बसतात. खात्याचा सचिव समोर येतो. गेल्या वर्षीचे पैसे का खर्च झाले नाहीत, योजना कुठे अडली, हे त्याला विचारले जाते. तिथे कॅमेरा नसतो आणि पक्षाचा व्हिपही नसतो. सत्ताधारी खासदारसुद्धा आपल्याच सरकारच्या अधिकाऱ्याला धारेवर धरू शकतो. साक्षीदाराची उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाच्या मनाला ही रचना पटली असणार, असे मला वाटते.

याच काळात सभागृहात न्यायालयासारखे कामकाज प्रत्यक्षातही झाले. १० आणि ११ मे १९९३ या दोन दिवशी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावावर चर्चा झाली. स्वतंत्र भारतातला असा हा पहिलाच ठराव. न्यायमूर्तींची बाजू मांडायला कपिल सिबल सभागृहात उभे राहिले आणि कित्येक तास बोलले. अध्यक्षांच्या आसनावर चाकूरचे वकील. ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. पण २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि एकूण सदस्यसंख्येचे बहुमत न मिळाल्याने ठराव बारगळला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. तेव्हाही सभागृह पाटीलच चालवत होते.

२००४ मध्ये लातूरने त्यांना पाडले. विजयी झालेल्या रूपाताई पाटील माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या सूनबाई. तरी ते राज्यसभेतून केंद्रीय गृहमंत्री झाले. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ ला त्यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ बाभळगावचे विलासराव देशमुख, तेही कायद्याचे पदवीधर, मुख्यमंत्रिपदावरून गेले आणि त्या खुर्चीवर शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण आले. गृहमंत्री म्हणून पाटील यांच्यावर झालेली टीका मी नाकारत नाही. त्या खात्याला लागणारी धडाडी त्यांच्या स्वभावात नव्हती. पण केवळ त्या चार वर्षांवर त्यांचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे.

१२ डिसेंबर २०२५ ला, वयाच्या नव्वदीत, लातुरातच त्यांचे निधन झाले. घराण्यांचे राजकारण थांबलेले नाही: २०२४ च्या विधानसभेला त्यांच्या सूनबाई अर्चना पाटील चाकूरकर भाजपकडून विलासरावांचे पुत्र अमित देशमुख यांच्याविरुद्ध लढल्या आणि हरल्या.

पाटील यांच्या काळात सुरू झालेल्या स्थायी समित्या आता २४ आहेत, सदस्य प्रत्येकी ३१. त्यांच्याकडे विधेयके जाण्याचे प्रमाण मात्र पंधराव्या लोकसभेतल्या सुमारे ७० टक्क्यांवरून सतराव्या लोकसभेत १६ टक्क्यांवर घसरले. अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात कोणत्या बैठकीला कोण हजर होते त्याची यादी असते. नांदेड आणि लातूरच्या खासदारांची नावे तिथे शोधायला दहा मिनिटे पुरतात.