यादीत माल आमचा, नाव कुणाचे?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचा फॅशन शो भरवला. त्यात मॉडेलच्या पायांत जी पायताणे होती, ती कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरानेही ओळखली असती. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र त्यांची नोंद होती केवळ 'चामड्याचे सँडल' अशी! ना कोल्हापूर, ना अथणी, ना ज्या चर्मकाराने पिढ्यान्‌पिढ्या ही कारागिरी जगवली त्याचा उल्लेख. बोभाटा झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. 'आमची संस्कृती चोरली' म्हणून तेव्हा गळे काढणाऱ्यांपैकी किती जण आयुष्यात चर्मकाराच्या घरचे पाणी प्यायले असतील, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मला बोट ठेवायचे आहे ते यादीतल्या त्या एका ओळीवर. कारागीर पुसला गेला तो त्या ओळीत.

अशा ओळी लिहिण्याचे काम आता मिलानपुरते राहिलेले नाही. मोबाइलवरून वस्तू मागवण्याची सवय खेड्यापर्यंत पोहोचली आहे, आणि या ऑनलाइन दुकानाला फळी नाही, पाटी नाही, गल्ला नाही. मालाची यादी, ज्याला कॅटलॉग म्हणतात, तेच दुकान. यादीत नाही तो माल बाजारात नाही. तेव्हा ही यादी कोण लिहितो आणि कशी लिहितो, हे आपल्या समाजाने समजून घेतले पाहिजे.

या यादीचे तीन मजले असतात असे समजा. वरच्या मजल्यावर मूळ यादी. तिथे प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, फोटो, माप, वजन, किंमत, कराचा सांकेतिक अंक. मधल्या मजल्यावर विभागीय यादी. कोणत्या राज्यात, कोणत्या पिनकोडला ती वस्तू दिसावी, कोणत्या भाषेत, कोणत्या भावाने, हे तिथे ठरते. आणि खालच्या मजल्यावर दुकाननिहाय यादी, म्हणजे अमुक गोदामात आज किती नग शिल्लक आहेत. दहा मिनिटांत माल घरपोच करणाऱ्या कंपन्यांचा सारा खेळ या तळमजल्यावर चालतो. शहरातल्या गल्लीबोळांत त्यांची छोटी गोदामे असतात, जिथे गिऱ्हाइकाने पाय ठेवायचा नाही. जागा मोजकी, म्हणून माल मोजका. मग काय ठेवायचे? त्या भागातून पूर्वी जे मागवले गेले ते! आता गोम पाहा. जे यादीत कधी नव्हतेच, ते कुणी मागवणार कसे? मागवले नाही म्हणून आकड्यात आले नाही, आणि आकड्यात नाही म्हणून यादीत नाही. राखीचा, गणपतीच्या आराशीचा कप्पा हंगामाच्या आधीच सजतो. १४ एप्रिलच्या आठवड्यात पंचशील ध्वजाचा, बाबासाहेबांच्या ग्रंथांचा कप्पा तुमच्या वस्तीच्या पिनकोडला दिसतो का, हे वाचकांनी स्वतः मोबाइल उघडून पाहावे. माल पाठीवर घेऊन धावणारी पोरे कोणत्या वस्त्यांतली आहेत, तेही एकदा त्यांनाच विचारावे.

हे झाले गिऱ्हाइकाच्या बाजूने. माल घडवणाऱ्याची कथा याहून बिकट आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे कायद्याने ही कारागिरी एक मानली, राज्याची सीमा आड येऊ दिली नाही. आता जीएसटी पाहा. ऑनलाइन विकायचे तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची, असा पूर्वी नियम होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला सूट मिळाली, पण अट अशी की नोंदणीविना त्याने आपल्या राज्याच्या आतच विकावे. त्यामुळे कोल्हापूरचा लहान कारागीर आठशे किलोमीटरवरच्या नागपूरला जोड पाठवू शकतो, पण चाळीसेक किलोमीटरवरची निपाणी त्याच्या यादीतून बाद! निपाणी कर्नाटकात, आणि तिथेही हीच चप्पल घडते. विभागीय यादीतली ही रेघ कुणा कारागिराला विचारून ओढली होती काय? ज्याच्याकडे हिशेबनीस आहे, नोंदणी आहे, तो व्यापारी देशभर दिसतो. ज्याच्याकडे रापी आणि आरी आहे, तो सीमेवर अडतो.

त्यात यादीला हवा एकसारखेपणा. एका फोटोखाली हजार नग, हजारही नग तस्से. हाताने शिवलेला जोड तसा कसा असेल? कातड्याचा रंग म्हशीगणिक वेगळा, वेणीची वीण हातागणिक वेगळी. 'फोटोसारखे नाही' म्हणून गिऱ्हाइकाने जोड परत केला की जाण्या-येण्याच्या खर्चाचा भुर्दंड लहान विक्रेत्याच्याच माथी बसतो. कापशी, पुकारी, बक्कलनाळी अशी ज्यांची स्वतंत्र नावे आणि स्वतंत्र घडण, ती सारी एका 'एथनिक' नावाच्या पोत्यात कोंबली जातात. शेजारीच यंत्रावर चिकटवलेले रेक्झिन 'कोल्हापुरी स्टाइल' म्हणून निम्म्या भावात उभे असते. आणि उत्पादकाचे नाव? वेष्टनातल्या वस्तूंच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीतही नाव-पत्ता दाखवणे बंधनकारक आहे. उत्पादक आणि पॅकर वेगळे असतील, तर नियम दोघांचीही नावे मागतो. परंतु व्यापाऱ्याने पॅकर म्हणून फक्त आपले नाव टाकले की कारागीर ओळीतून गळतो. ढोर समाजाने कातडे कमवावे, चांभाराने शिवावे, आणि ओळीत नाव खोक्यात भरणाऱ्याचे!

इथे काही बांधव हळूच विचारतील की, आपले नाव टाकले, आडनाव दिसले, आणि गिऱ्हाईक फिरकलेच नाही तर? ही भीती खोटी नाही. कोल्हापुरात शतकापूर्वी गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल काढले. चहा तोच, साखर तीच, पण महाराच्या हातचा म्हणून गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. अमेरिकेहून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच अशिलांनी पाठ फिरवली आणि तो बंद पडला. सल्ला चुकला नव्हता, नाव नडले. तेव्हा नाव दडवून विकणाऱ्या आजच्या कारागिराला मी भित्रा म्हणणार नाही. त्याला संध्याकाळी चूल पेटवायची असते.

तरीही नाव पुढे करणारे निघाले आहेत. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली 'दलित फूड्स' या उघड नावाने मसाले व लोणची ऑनलाइन विकायला काढली. खाण्याच्या वस्तूवर ते नाव, म्हणजे विटाळाच्या थेट मर्मावर घाव! मुंबईत सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' हे नाव पिशव्यांवर मिरवले. महाराष्ट्रात २०१५ साली बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर कातड्याचा धंदा हादरला होता. त्यांनी टाकाऊ रबर हाताशी धरले आणि धारावीच्या कारागिरांकडून माल घडवून घेतला. ही दोन नावे म्हणजे साऱ्या समाजाची बाजारपेठ नव्हे, हे मला कळते. मोठ्या शहरातला, पैसेवाला, पुरोगामी ग्राहक त्यांना मिळाला. कापशीच्या कारागिराला तो आपोआप मिळणार नाही.

म्हणूनच हे काम एकेकट्याचे नाही. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने चपलांवर क्यूआर कोड लावण्याची योजना आणली आहे. मोबाइल धरला की कारागिराचे नाव-गाव दिसावे, असा तिचा हेतू. हेतू चांगला, पण कोड चपलेवर आहे, आणि ऑनलाइन गिऱ्हाईक चप्पल हातात येण्याआधीच निवड करून मोकळे झालेले असते. तेच नाव-गाव यादीच्या ओळीत का नको? महामंडळाने स्वतःच मूळ यादी तयार करावी. प्रत्येक प्रकाराचे खरे नाव, पायाचे सेंटिमीटरमधले माप, 'हातकाम, रंग व वीण किंचित वेगळी असेल' अशी स्पष्ट सूचना आणि कारागिराचे नाव तिच्यात असावे. मग ज्याला विकायचे असेल त्याने तीच ओळ जशीच्या तशी उचलावी. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०२१ अखेर स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्यात एकदा भरलेली यादी अनेक खरेदीच्या अॅपवर दिसू शकते, आणि किती अंतरापर्यंत किंवा कोणत्या पिनकोडला माल द्यायचा हे विक्रेता स्वतः नोंदवू शकतो. दुकाननिहाय यादीची किल्ली तिथे कारागिराच्या हाती येऊ शकते, जर कुणी त्याच्या शेजारी बसून ती भरून दिली तर.

शेजारी बसणारे आपल्याकडे नाहीत काय? आरक्षणातून, वसतिगृहांतून शिकून आपली मुले-मुली संगणकाच्या कंपन्यांत गेली. त्यांतली कित्येक दिवसभर परक्यांच्या याद्याच भरतात. अशा पाच जणांनी महिन्यातले दोन रविवार द्यावेत. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करता येते, आधी तो अर्ज भरून घ्यावा. मग उजेडात, पांढऱ्या कापडावर जोड ठेवून पुढून, बाजूने, तळाकडून असे तीन फोटो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी पाच टक्के आहे. कारागिराची नोंदणी असेल, तर कराचा जुना आकडा राहिला नाही ना, तेही पाहावे. आणि 'उत्पादक' या रकान्यात काय लिहायचे हे त्याला स्वतःलाच विचारावे. तो क्षणभर थांबेल. कदाचित मुलाकडे पाहील. त्याने सांगितले तर पूर्ण नाव लिहावे, आडनावासकट, गावासकट.