वालचंद हिराचंद आणि जोखमीचा हिशेब

मंडळी, आपल्या सोलापूर भागातला जुना शेतकरी रब्बीच्या ज्वारीत करडईचे तास का टाकी? ज्वारी साधली तर उत्तमच. पण पावसाने ओढ दिली, तरी खोल मुळांची करडई चार पैसे हाती देईल, हा त्याचा हिशेब. शिवाय बऱ्या सालाची ज्वारी पेवात पडे, ती वाईट सालासाठी. जोखीम वाटून घेणे म्हणतात ते हेच. मोठ्या भांडवलाच्या व्यवहारात हा हिशेब कसा चालतो, ते आपल्याच गावच्या एका माणसाच्या उद्योगावरून पाहू या.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरचा धंदा कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यात त्यांचं मन रमलं नाही. पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारी सुरू केली. पुढे १९१९ साली, नरोत्तम मोरारजी आदींच्या साथीने, सिंदिया ही बोटीची कंपनी निघाली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून विलायतेस निघाली.

आता वेळ कोणती होती पाहा. महायुद्धात पुष्कळ बोटी बुडालेल्या. मालाला बोट मिळेना, म्हणून भाडी आभाळाला भिडलेली. कंपनी निघाली ती अशा ऐन तेजीत. दोनच वर्षांत बोटी वाढल्या, व्यापार मंदावला आणि भाडी कोसळली. त्यातच लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य इंग्रजी कंपनीने भाडी मुद्दाम आणखी उतरवली. अशा झुंजीत जो जास्त दिवस तोटा सोसू शकतो, तोच टिकतो.

इंचकेप यांनी सिंदिया विकत मागितली. ती विकली नाही. पण १९२३ साली तडजोड झाली. दहा वर्षे विलायतेची वाहतूक सोडायची आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन यांच्या किनाऱ्यापुरतंच राहायचं, असं सिंदियाने मान्य केलं. मोठी आशा गुंडाळावी लागली. पण कंपनी जगली.

दुसरीकडे वालचंदांचे इतर उद्योग चालूच होते. बांधकामाचे ठेके होते, बोरघाटातले बोगदे होते. नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात आजच्या वालचंदनगरला ऊस आणि साखर होती. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, तेव्हा देशी साखरेला दिवस आले. बोटीचं भाडं जगाच्या व्यापारावर अवलंबून, ठेका सरकारी कामावर, साखर पाण्यावर आणि जकातीवर. एका कारणाने तिन्ही एकदम बुडतील, असा संभव कमी.

इथेच पुष्कळांची गल्लत होते. ऊस, केळी, द्राक्षं अशी तीन पिकं घेतली, पण तिघांचं पाणी एकाच विहिरीचं. मग विहीर आटली की तिन्ही जातात. दहा कंपन्यांचे शेअर घेतले आणि दहाही एकाच धंद्यातल्या असल्या, तर तेही तसंच. नावं किती ते मोजू नये, कारणं किती ते मोजावं.

दुसरी गोष्ट डावाच्या आकाराची. शिक्षकांनी हे गणित जरूर फळ्यावर मांडावं. शंभरातले दहा रुपये बुडाले, तर उरलेल्या नव्वदावर सुमारे ११ टक्के मिळवले की भरपाई होते. पन्नास बुडाले, तर उरलेल्या पन्नासावर १०० टक्के मिळवावे लागतात. आणि नव्वद बुडाले, तर राहिलेल्या दहावर ९०० टक्के! म्हणून मोठा तोटा होऊ न देणं, ही पहिली कमाई.

तिसरी गोष्ट थांबण्याच्या ऐपतीची. विशाखापट्टणमला वालचंदांच्या जहाज-कारखान्याची कोनशिला जून १९४१ मध्ये बसली. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या गावावर जपानी बॉम्ब पडले. तिथलं पहिलं जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरायला मार्च १९४८ उजाडला. सहा महिन्यांच्या मुदतीने काढलेलं कर्ज अशा कामात घातलं, तर काम कितीही चांगलं असो, सावकार आधी दाराशी येतो. उधारीच्या पैशाला धीर धरता येत नाही.

वालचंद भिऊन वागणारे नव्हते. विमानं, जहाजं, मोटारी, सगळ्यांना त्यांनी हात घातला. १९५३ साली ते वारले, त्याआधी विमानांचा आणि जहाजांचा कारखाना सरकारकडे गेला होता. सगळेच डाव साधतात असं नाही. पण एकाच डावात सर्वस्व जाऊ नये.

हे आज सांगायचं कारण असं, की सट्टा आता गावात मोबाइलवर आला आहे. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला. वायद्याच्या व्यवहारात उतरलेल्या दर शंभर सामान्य माणसांपैकी ९३ जणांना तोटा झाला होता. त्यात कुणाचं बियाण्याचं, कुणाचं लेकीच्या लग्नाचं असेल.

तेव्हा पैसा घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हे सगळं एकाच कारणाने बुडेल का? बुडालं तर घर चालेल का? आणि भाव पडला तर मला थांबता येईल का? उत्तरं समाधानाची असतील तर खुशाल पुढे व्हा. नसतील तर आधी घरचं पेव भरा.