सशाची लेंडी थांबली की घड्याळ बघा

मराठवाड्यातल्या कन्नड तालुक्यात जनावराचं दुखणं ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. बैलाने वैरण सोडली, म्हैस रवंथ करेनाशी झाली, शेळी कळपाच्या मागे राहू लागली, की घरातलं जुनं माणूस लांबूनच सांगतं, 'काहीतरी बिनसलंय.' पण त्याच घराच्या ओसरीवर मुलांच्या हट्टापायी आणलेला पांढरा ससा सकाळपासून कोथिंबिरीला तोंड लावत नसेल, तर तेच माणूस म्हणतं, 'रुसला असेल. भूक लागली की खाईल.'

ससा रुसून उपाशी राहत नाही. त्याचं पोट थांबलेलं असतं, आणि पोट थांबलं की भूकही मरते. 'भूक लागली की खाईल' हा हिशेब कुत्र्याला लागू पडतो, कारण कुत्रा एखादा दिवस काही न खाता सहज काढतो. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्याही टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजावी. संध्याकाळी लक्षात आलं आणि 'सकाळी बघू' म्हटलं, एवढ्यावर अनेक ससे जातात.

असं का होतं हे समजायला आपल्या गोठ्यातली गाय उपयोगी पडते. गाय आणि ससा दोघांचं अन्न एकच, गवत. गवतातला सेल्युलोज पचवणारा रस दोघांच्याही शरीरात तयार होत नाही. ते काम पोटात राहणारे सूक्ष्मजीव करतात. फरक आहे तो या जिवांच्या मुक्कामाच्या जागेचा. गायीचा आंबवण्याचा हौद पुढे, म्हणजे जठराच्या पहिल्या कप्प्यात. तिथे भिजलेलं गवत ती पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. सशाचा हौद मागे आहे. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथे अंधांत्र नावाची थैली असते. माणसात ती नावापुरती उरली आहे आणि तिला अपेंडिक्स लोंबतं. सशाच्या पचनसंस्थेतला सुमारे 40 टक्के ऐवज एकट्या या थैलीत मावतो.

हौद मागे असण्यात एक अडचण आहे. तिथे तयार झालेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं शोषून घेणारं लहान आतडं तर त्याआधीच येऊन गेलं. सशाने यावर काढलेला तोडगा पाहुण्यांसमोर सांगायला जरा अवघड आहे. अंधांत्रातला सत्त्वयुक्त लगदा मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो, आणि ससा मान वळवून तो थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो. 1882 साली मोरो या फ्रेंच पशुवैद्याने ही गोष्ट नोंदवली. आपल्याला पिंजऱ्यात दिसतात त्या कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या, मऊ घड वेगळे. पिंजऱ्यात मऊ घड तसेच पडून राहू लागले, तर ससा फार लठ्ठ तरी झालाय, त्याचं कुठेतरी दुखतंय तरी, नाहीतर खाणं चुकतंय.

आता मुख्य मुद्दा. हा सगळा कारखाना चालवतं कोण? गवताचा न पचणारा, लांब, खरखरीत धागा. मोठ्या आतड्यात शिरताना ऐवजाची चाळणी होते. जाड धागे पुढे ढकलले जातात आणि त्यांची कोरडी लेंडी होते. बारीक कण आणि पाणी उलट्या लाटेने मागे अंधांत्रात परत जातात. जाड धागा स्वतः पचत नाही, पण तो सरकत राहतो म्हणून आतडं हलत राहतं. धागा कमी झाला की लाटा मंदावतात. ऐवजातलं पाणी शोषलं जाऊन तो सुकतो. अंधांत्रातल्या जिवांचा तोल बिघडतो, वायू धरतो, आतडं ताणलं जातं, दुखतं. वेदना आणि भीती यांमुळे आतड्याची चाल आणखी मंदावते. ससा खाणं सोडतो, म्हणजे उरलासुरला धागाही बंद होतो. उपाशी शरीर मग चरबी जाळायला काढतं, ती यकृतात साचते आणि यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ सशांत हे झपाट्याने होतं. डॉक्टर या सगळ्याला 'जीआय स्टॅसिस' म्हणतात. आपण 'आतडं थांबणं' म्हणू.

पूर्वी याचा दोष केसांवर जाई. ससा अंग चाटतो, केस पोटात जातात, त्यांचा गोळा होतो आणि वाट अडते, असा समज होता. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे तो पटण्यासारखाही होता. पण धडधाकट सशाच्या जठरातही केस असतातच, ते अन्नाबरोबर निघून जातात. बहुतेक वेळा चाल मंदावल्यावर सुकलेल्या अन्नात केस घट्ट बसतात, म्हणजे गोळा हा परिणाम असतो, कारण नव्हे. अननसाचा रस पाजून केस विरघळवायचे ही टूम याच समजातून निघाली. केस अननसाने विरघळत नाहीत. रसातली साखर मात्र आधीच बिघडलेल्या पोटात आणखी भर घालते.

कन्नडच्या सशाचं नेमकं काय चुकतं, ते त्याच्या ताटात दिसतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून ससा येतो तेव्हा सोबत रंगीत दाण्यांचं पाकीट येतं. ते संपलं की घरात मका असतोच, कारण मका, कपाशी आणि अद्रक ही इथली नेहमीची पिकं. मूठभर मक्याचे दाणे, पोळीचा तुकडा, मुरमुरे, बिस्किट, गाजर. ससा हे सगळं आवडीने खातो आणि घरातले खूश होतात. पण हा सगळा पिठूळ आणि गोड माल आहे, त्यात धागा जवळजवळ नाही. गाजरसुद्धा सशाचा खाऊ आहे, जेवण नव्हे, चित्रातल्या सशाने काहीही सांगितलं तरी.

सशाच्या दिवसभराच्या खाण्यात पाचातले चार वाटे सुकं गवत हवं, तेही चोवीस तास समोर, हवं तेवढं. पुस्तकांत टिमोथी गवताचं नाव असतं. ते परदेशी आणि महाग. पण गौताळ्याच्या डोंगरउतारांपासून शिवना नदीच्या काठापर्यंत गवताची वानवा असलेला हा मुलूख नव्हे. मारवेल, पवना, हरळी, फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापून सावलीत वाळवलेलं, बुरशी न धरलेलं, एवढं पुरे. कुसळी गवत मात्र नको, त्याची कुसळं तोंडात रुततात. लसूणघास जनावरांना दुधाला चांगला, पण मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातलं कॅल्शियम मूत्राशयात गाळ धरतं. वाढत्या पिल्लांना थोडा चालेल. कोवळ्या ज्वारीचं तर सांगायलाच नको. ज्या विषाने गुरांना किराळ लागते, ते सशाला सोडणार नाही. आणि बांधावरचं गवत कापताना शेजारच्या कपाशीवर कधी फवारणी झाली, तणनाशक मारलंय का, हे विचारल्याशिवाय विळा लावू नये.

खाणं नीट असूनही आतडं थांबू शकतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या वर. गवत दळताना ते झिजतात. मऊ खाण्यावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात, ती जिभेला किंवा गालाला टोचतात. असा ससा ताटाजवळ येतो, हुंगतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. त्याला खायचं असतं, खाता येत नसतं. दुसरं मोठं कारण ऊन. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो प्रामुख्याने कानांवाटे टाकतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली ठेवलेला पिंजरा ही भट्टीच. दिवाळीचे फटाके, दाराशी भुंकणारं कुत्रं, घाटाच्या वळणांवरचा मोटारीचा प्रवास, सोबतीच्या सशाचं जाणं, एवढ्यानेही खाणं सुटतं. जंगलात शिकार होणाऱ्या प्राण्याला दुखणं लपवावं लागतं, आणि पिंजऱ्यात पिढ्या काढूनही सशाने ती सवय सोडलेली नाही. तो ओरडत नाही. अंग चोरून कोपऱ्यात बसतो, डोळे अर्धवट मिटतो, कराकरा दात खातो. एवढंच.

मग करायचं काय? आधी दोन प्रश्न. शेवटचं कधी खाल्लं आणि शेवटची लेंडी कधी पडली? लेंड्या आदल्या दिवसापासून लहान, वेड्यावाकड्या, केसांनी माळेसारख्या ओवलेल्या पडत असतील, तर आतडं तेव्हापासूनच मंदावलंय. त्याच्या सगळ्यांत आवडीचं काही, कोथिंबिरीची काडी म्हणा, नाकाशी धरून पाहा. तेही नाकारलं तर डॉक्टरांना फोन लावा आणि मग पुढचं करा.

पोटावरून अलगद हात फिरवा. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं आणि ससा मलूल असेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी तोंडाने काहीही भरवू नका, पोट चोळू नका, थेट निघा. पोट मऊ असेल तर त्याला घरात मोकळं फिरू द्या, पाणी नळीऐवजी पसरट वाटीत ठेवा, ओली पालेभाजी समोर धरा. कान थंडगार लागले तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. सशाचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं, त्याखाली घसरणं वाईट खूण. उन्हाळ्यात कान तापलेले आणि धाप लागलेली असेल तर उलट करायचं. सावलीत घ्या, कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फाचं पाणी नको.

आणि घरातलं औषधाचं कपाट बंद ठेवा. मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला पाजणं म्हणजे विष पाजणं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन अशी औषधं तोंडावाटे गेली की अंधांत्रातले उपकारक जीव मरतात, विष तयार करणारे जंतू माजतात आणि ससा दोन-चार दिवसांत दगावतो. इतर काही प्रतिजैविकं सशाला चालतात, पण ती निवड डॉक्टरांची. बैलाच्या पोटफुगीवर तेल पाजायचा घरगुती उपायही इथे नको. जबरदस्तीने ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर नवंच दुखणं सुरू होतं.

दवाखान्यात बहुधा आधी वेदना कमी करायचं औषध आणि सलाइन मिळेल, आणि तेच बरोबर आहे. दुखणं थांबल्याशिवाय आतडं हलत नाही. एक्स-रेमध्ये वायू आणि ऐवज कुठे साचलाय ते दिसतं. रक्तातली साखरही बोलकी असते. ब्रिटनमधल्या पशुवैद्य फ्रान्सेस हार्कोर्ट-ब्राऊन यांच्या 2012 सालच्या अभ्यासानंतर डॉक्टर त्या आकड्याकडे लक्ष देऊ लागले. साध्या मंदावलेल्या आतड्यात साखर थोडी वाढते, अडथळा असेल तर ती डेसिलिटरला 360 मिलिग्रॅमच्याही वर चढलेली आढळते. अडथळा नाही असं ठरलं की आतड्याला चालना देणारं औषध आणि सिरिंजने पातळ लगदा भरवणं सुरू होतं. लगदा पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून, बाजूने, थोडा थोडा भरवायचा. ससा उताणा कधीच धरायचा नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली आणि कुणी कुत्र्या-मांजरासारखं 'रात्रभर उपाशी ठेवा' म्हणालं, तर नम्रपणे पुन्हा विचारा. उलटीच होत नसल्याने सशाला तशा उपवासाची गरज नसते, उपवासाने नुकसान मात्र होतं.

खरी अडचण डॉक्टर मिळण्याची आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गायी-म्हशी-शेळ्यांसाठी उभा आहे. तिथला डॉक्टर जनावरांत मुरलेला असतो, पण त्याच्यासमोर ससा क्वचितच येतो. छत्रपती संभाजीनगर साधारण 60 किलोमीटर. मराठवाड्यातली पशुवैद्यक महाविद्यालयं परभणीला आणि उदगीरला, म्हणजे आजारी सशाला घेऊन रातोरात गाठण्याच्या अंतरावर नाहीतच. म्हणून चौकशी ससा ठणठणीत असताना करायची. शहरात ससे तपासणारं कोण आहे, रात्री फोन उचलतं का, एक्स-रेची सोय आहे का, हे आधी विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवायचा.

जाता जाता एक. मका कापताना फडात सापडणारं उघड्या डोळ्यांचं, केसाळ पिल्लू हे दुकानातल्या सशाचं भावंड नव्हे. तो आपला रानससा, लेपस निग्रिकोलिस. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, त्याची पिल्लं बिळात उघडीनागडी आणि आंधळी जन्मतात. रानसशाची आई पिल्लाला एकटं ठेवून चरायला जाते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. त्याला पोरकं समजून घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो पाळता येत नाही, आणि घरच्या दुधावर तो बहुधा जगतही नाही.

घरात ससा असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्याच्यासमोर सुक्या गवताची पेंढी टाका आणि पिंजऱ्यातल्या लेंड्या झाडून काढा. सकाळी चहाआधी तिथे किती नव्या पडल्यात, केवढ्या आहेत, ते बघा. धडधाकट सशाच्या दिवसाला शंभराच्या वर पडतात.