पेण-रोह्यातून समुपदेशनाच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे

पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बसणारी व्यक्ती दिवसभरात किती जणांचे दुःख ऐकते, याची मोजदाद कोणत्याही खातेवहीत होत नाही. उधारी थकली म्हणून ओशाळलेला मूर्तिकार, मुलीचे ठरलेले लग्न मोडल्याने खचलेली आई, धाटावच्या कारखान्यातील नोकरी गेल्याचे घरी न सांगितलेला तरुण, ही माणसे माल बांधला जाईपर्यंत चार वाक्ये बोलतात आणि निघून जातात. अशा एखाद्या दुकानदार घरातील पदवीधर सून किंवा कन्या समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा व्यक्त करते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नुसते ऐकून घेण्यासाठी दोन वर्षांची पदवी कशाला?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यात मराठी भाषेचीच थोडी अडचण होते, कारण ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि प्रत्यक्ष कामात उपदेशाला फारसे स्थान नाही. व्यापारी मनाला सल्ला देण्याची सवय असते. अडचण ऐकताच तोडगा काढणे हा तेथे गुणच मानला जातो. समुपदेशनाच्या वर्गात नेमकी हीच सवय मोडावी लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेल्या विवेचनात समुपदेशकाकडून सहानुभाव, विनाअट स्वीकार आणि स्वतःचा प्रामाणिकपणा अपेक्षिला आहे. वाचायला हे सोपे वाटते. परंतु विद्यार्थिनी आपले सरावातील संभाषण शब्दशः लिहून मार्गदर्शकापुढे ठेवते, तेव्हा ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ या तिच्या वाक्याखाली रेघ ओढली जाते. समोरची व्यक्ती रडू लागली म्हणून आपणच घाबरून विषय बदलला, हे तिला तेव्हा उमगते. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील असा सराव हाच या शिक्षणाचा गाभा आहे; पुस्तके त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा तीव्र व्यसन दिसल्यास आपली मर्यादा ओळखून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे, हेही तेथेच शिकायचे असते.

जैन वाचकांना यातील एक अट परकी वाटणार नाही. आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत ‘अपरिस्रावी’ हा गुण सांगितला आहे: ऐकलेले दोष ज्यांच्याकडून पाझरत नाहीत, असे ते. समुपदेशकाची गोपनीयता हीच मागणी करते.

गरज किती, हे बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून कळते. त्यात १०.६ टक्के प्रौढांमध्ये मानसिक विकार आढळले आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. पेणला मात्र सर्वेक्षणाची आवश्यकताही नाही. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँक अडचणीत आली आणि आयुष्यभराची पुंजी अडकलेले ठेवीदार वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. मोर्चांची आणि न्यायालयातील तारखांची चर्चा झाली. हरवलेल्या झोपेची फारशी झाली नाही.

आजवर अशा घरांना एक सोयीची वाट होती. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मानसशास्त्रातील एम. ए. अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला होता आणि दुसऱ्या वर्षी समुपदेशन मानसशास्त्र निवडता येत असे. दुकान व मुले सांभाळून वाणिज्य शाखेच्या पदवीधर सुनेलाही ते शक्य होते. ती वाट आता बंद झाली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय कायद्यात वर्तनविषयक आरोग्याच्या व्यवसायांचा समावेश झाला. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राच्या दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश थांबवले. ज्या कामात माणसासमोर बसायचे, ते घरबसल्या शिकू नये, हा विचार तत्त्वतः योग्यच आहे. त्याची किंमत मात्र छोट्या गावातील स्त्रियांना अधिक मोजावी लागणार, हेही खरे.

कारण आता प्रत्यक्ष वर्गात जाणे आले. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समुपदेशनाचा भर असलेला उपयोजित मानसशास्त्राचा एम. ए. आहे, मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिना संकुलात आहे. नकाशावर अंतर फार नाही. रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी पेणवरून पनवेलला नेते आणि तेथून हार्बर मार्गाची लोकल गोवंडीला सोडते. परंतु या गाड्या मोजक्या आहेत आणि पनवेलची लोकल हुकली तर पहिले व्याख्यानही हुकते. चौविहार पाळणारी मुलगी सूर्यास्तापूर्वी कोठे जेवणार, परतीला उशीर झाला तर स्थानकावर कोण येणार, हे प्रश्न बाहेरच्यांना किरकोळ वाटले तरी प्रवेश घेण्याचा निर्णय बहुधा त्यांच्यावरच अडतो. पनवेल किंवा चेंबूरच्या नातेवाइकांकडे आठवड्याचे पाच दिवस राहण्याची सोय झाल्यास निम्मी अडचण सुटते. उरलेली निम्मी म्हणजे गल्ल्यावर तिच्या जागी बसायला घरातील दुसरे कोणी तयार होणे. नवी शाखा उघडताना दोन वर्षे नफा नसतो, हे मान्य करणाऱ्या घराला हा हिशेब अवघड जाऊ नये.

बी. कॉम. झालेल्यांनी आधी प्रवेशाच्या अटी नीट वाचाव्यात, कारण अनेक ठिकाणी पदवीला मानसशास्त्र विषय असावा लागतो. काही आठवड्यांत ‘समुपदेशक’ बनवण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासूनही सावध राहणे बरे. असे वर्ग आवड निर्माण करतील, परंतु त्यांच्या प्रमाणपत्राला पदव्युत्तर पदवीचे मोल नाही.

पुस्तके इंग्रजीत असली तरी समोर येणारी व्यक्ती मराठी, आगरी, मारवाडी किंवा गुजरातीत रडणार आहे. या बाबतीत महाराष्ट्राची शिदोरी समृद्ध आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएच या संस्थेने मनाच्या आरोग्याची चर्चा घरोघरच्या मराठीत आणली.

पदवी हाती आल्यावरची अडचण निराळी आहे. लहान गावात दुकानाच्या वर पाटी लावून बसलेल्या समुपदेशिकेकडे जिना चढून जाणारा माणूस साऱ्या बाजाराला दिसतो. येणारा कधी सासऱ्यांचा देणेकरी असतो, कधी नणंदेच्या सासरचा. अशा नात्यातल्या व्यक्तीला नम्रपणे दुसरीकडे पाठवावे, हा या व्यवसायाचा नियम आहे. पण त्या ‘दुसरीकडे’ला जवळ ठिकाण हवे. पेण आणि रोहा यांच्यामध्ये रेल्वेची कासू आणि नागोठण्यासारखी मोजकीच स्थानके आहेत. रोह्याच्या समुपदेशिकेने आठवड्यातून दोन दिवस पेणला बसावे आणि पेणच्या समुपदेशिकेने रोह्याला, तर दोन्ही गावांतील माणसांना ओळखीच्या नजरा टाळून जिना चढता येईल. त्यासाठी आधी दोन्ही गावांतून एकेक मुलगी शिकायला निघाली पाहिजे.