गाडी ओढत नाही

पेडण्याच्या टॅक्सीवाल्याने तक्रार एका वाक्यात सांगितली: "मेस्ता, चडणीक गाडी वडना."

धारगळहून मोपा विमानतळाच्या पठारावर चढताना हे झाले होते. मागे तीन प्रवासी, डिकी सामानाने भरलेली, एसी चालू. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना गाडीचा जोरच गेला. इंजिन बंद पडले नाही, खडखड नाही, फक्त पाय दाबला तरी गाडी पुढे सरकायला तयार नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. त्याने गाडी कडेला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली, तर ती पहिल्यासारखी पळू लागली. पुढची चढण येईपर्यंत. एका ठिकाणी दाखवल्यावर टर्बो गेला असे सांगून तीस हजारांच्या आसपासच्या खर्चाचा अंदाज त्याच्या हातात ठेवण्यात आला होता. म्हणून तो कोलवाळ, अस्नोडामार्गे डिचोलीच्या या गॅरेजात आला होता. मी तिथे बसून होतो ते मुळात हेच काम बघायला.

मेस्ताने, म्हणजे गॅरेजच्या मेकॅनिकने, बॉनेट उघडले नाही. आधी विचारपूस. गाडी थंड असताना असे होते की तापल्यावर? सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये किती पळते? मागून धूर दिसतो का, आणि कुठल्या रंगाचा? "डिझेल खंय घातलें?" हाही प्रश्न आला. शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली? टॅक्सीवाला उत्तरे देत होता आणि मला जाणवत होते की यातला कुठलाही प्रश्न वेळ काढण्यासाठी नव्हता. काळा धूर म्हणजे जळण पुरेसे आहे, हवा कमी पडते. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत येते आहे. डिझेल भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर आधी फिल्टरमधले पाणी बघायचे. या गाडीचा धूर काळा होता, आणि तोही चढणीलाच.

मग एक चक्कर. इंजिनाची ताकद खरेच कमी झाली आहे, की ती चाकांपर्यंत पोचत नाही, हे आधी वेगळे करावे लागते. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे भराभर चढतात आणि वेग तिथेच राहतो. इथे फेरेच चढत नव्हते, म्हणजे क्लच संशयातून सुटला. परत आल्यावर मेस्ताने चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला. ब्रेक अडकून राहिला असेल तर ते चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले लागते. चारही सारखीच होती. दहा-पंधरा मिनिटांत दोन मोठ्या शक्यता बाद झाल्या आणि अजून एकही नट सैल झाला नव्हता.

त्यानंतर स्कॅनर. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात तो जोडला. पडद्यावर आले: पी ०२९९, टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. आधीच्या ठिकाणी टर्बोचे निदान झाले ते याच एका ओळीवरून.

मला या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे दिसली. हा कोड टर्बो बिघडल्याचे सांगत नाही. इंजिनाच्या संगणकाने जेवढा दाब मागितला तेवढा त्याला मिळाला नाही, एवढेच तो सांगतो. का मिळाला नाही, हे संगणकाला माहीत नसते. टर्बोचे पाते झिजलेले असेल, त्याच्या अ‍ॅक्च्युएटरची दांडी अडकली असेल, एअर फिल्टर बुजला असेल, पाईप फुटला असेल किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलत असेल. या सगळ्यांना कोड एकच. दाब कमी दिसला की इंजिन सांभाळण्यासाठी संगणक डिझेल आवरते घेतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. टॅक्सीवाल्याला गाडीचा जोर गेल्यासारखा वाटला तो यामुळे, आणि बंद करून चालू केल्यावर जोर परत आला तोही यामुळेच.

या कोडसोबत संगणकाने त्या क्षणाची नोंदही ठेवली होती: इंजिनाचे फेरे, तापमान, इंजिनावरचा भार. हल्ली फोनला जोडायचे स्वस्त यंत्र घेऊन अनेकजण दिवा घालवण्यासाठी कोड स्वतःच पुसतात आणि मग गॅरेजात येतात. त्याबरोबर ही नोंदही जाते. मेस्ताला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो, आणि त्याचे म्हणणे मला पटते. दिवा गेला तरी दुखणे तिथेच राहते, वर त्याचा मागही पुसला जातो.

गाडीत १.३ लिटरचे, १२४८ सीसीचे मल्टिजेट घराण्यातले डिझेल इंजिन होते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू होईपर्यंत ते कितीतरी नावांच्या गाड्यांत बसत होते आणि गोव्याच्या टॅक्सींत आजही दिसते. मेस्ताने इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली आणि दाबाचा आकडा बघितला. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल असतो. सेन्सर तेवढाच दाखवत होता, म्हणजे तो खरे बोलत होता. मग आम्ही जवळच्या चढणीवर गेलो. टॅक्सीवाला गाडी चालवत होता, मेस्त पडद्याकडे बघत होता. तिसरा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. संगणकाची मागणी दोनशेच्या वर गेली. मिळत होते एकशे तीसच्या आसपास. डिझेलचा रेल प्रेशर मात्र मागेल तेवढा चढत होता, म्हणजे डिझेलचा पंप आणि फिल्टर संशयातून सुटले. एअर फिल्टरजवळचा हवा मोजणारा सेन्सर भरपूर हवा आत जाते आहे असे सांगत होता.

हा शेवटचा आकडा निर्णायक ठरला. एअर फिल्टर बुजला असता तर आत येणारी हवाच कमी दिसली असती. हवा आत येते आहे, पण इंजिनापर्यंत पोचत नाही, म्हणजे ती वाटेत कुठेतरी निसटते आहे. शोधायची जागा टर्बो ते इंजिन एवढीच उरली: टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि त्याचे दोन पाईप.

गॅरेजात परतल्यावर त्याने टर्बोच्या तोंडावर घट्ट बूच बसवले, त्यातून कॉम्प्रेसरची हवा अगदी हलक्या दाबाने सोडली आणि जोडांवर साबणाचे पाणी मारले. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसेच हे. इंटरकूलरच्या खालच्या रबरी पाईपवर, क्लिपच्या अगदी कडेला, बुडबुडे आले. हाताने वळवल्याशिवाय चीर दिसतच नव्हती. इंजिन आयडलला असताना ती मिटलेली राही, दाब चढला की उघडे. तिच्याभोवती तेलाचा ओला डाग होता आणि त्यावर जांभ्याची लाल धूळ बसली होती. टर्बोमधून हवेबरोबर तेलाचा थोडा अंश येतोच. हवा फुटते तिथे तो बाहेर पडतो आणि धूळ त्याला चिकटते. पुढच्या वेळी गाडी वर घेतली की आधी लाल डाग शोधायचा, हे मेस्ताने मला तिथेच सांगितले.

धुळीचा विषय डिचोलीत टाळता येत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ च्या लिलावात डिचोलीचा खाणपट्टा दिला गेला आणि २०२४ मध्ये इथले उत्खनन परत सुरू झाले. खनिजाच्या टिपरच्या मागून रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरांची वाट बघत नाही. तो हळूहळू बुजतो, मालकाला त्या मंदपणाची सवय होत जाते, आणि एके दिवशी चोर्ला घाटात ‘अचानक’ गाडी चढेनाशी होते.

पेडण्याच्या किनारी भागाचे दुखणे वेगळे. मांद्रे, हरमल, मोरजी इथे फेऱ्या छोट्या, रस्ते अरुंद, आणि गिऱ्हाइकाची वाट बघत एसी लावून उभे राहणे फार. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरात काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला आत ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते, आणि गाडी काही वेळ सलग पळाल्याशिवाय ते साधत नाही. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधीच जुळत नाही. फिल्टर भरत जातो आणि गाडी जोर सोडते. वेळेत आला तर मेस्त अशा माणसाला पत्रादेवी ते कोलवाळ हायवेवर, एक गिअर खाली ठेवून, इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या वर राखत गाडी पळवायला सांगतो. मला हे निदानाइतकेच मोलाचे वाटते. अर्थात फिल्टर मर्यादेपलीकडे भरला असेल तर उपयोग नाही. मग स्कॅनर लावून गॅरेजातच तो जाळावा लागतो.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरची बारीक नळी किंवा वायर कुरतडतात. खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगची पट्टी गंजते आणि चांगले सेन्सर भलतेच आकडे देऊ लागतात. पेट्रोल गाड्यांत दमट हवेने इग्निशन कॉइल मार खाते, एक सिलिंडर मिसिंग करतो आणि दिवा लुकलुकतो. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी जास्त झाले तर ते मिश्रण खाली बसते आणि गाडी गचके देत चालते. इतकी कारणे असताना मोटारमालकाने मेकॅनिकला विचारायचा एकच प्रश्न मला आता महत्त्वाचा वाटतो: हे कशावरून, काय मोजून? ज्याने मोजले आहे तो आकडा सांगेल.

इकडे नवीन पाईप बसला, क्लिपही नवी. टर्बोच्या दांड्याला बोटाने हलवून बघितले. खेळ नव्हता, टर्बो शाबूत होता. कोड पुसल्यावर गाडी लगेच मालकाच्या हाती दिली नाही. पुन्हा तीच चढण, तोच गिअर, एसी चालू, आणि मागच्या सीटवर गॅरेजातली पोरे वजनासाठी. मागणी आणि मिळणारा दाब हे दोन्ही आकडे पडद्यावर जवळजवळ हातात हात घालून चढले. टॅक्सीवाला हसला आणि पाकीट काढू लागला.

मेस्त मात्र जुन्या पाईपवर अडला होता. रबर आतून फुगून मऊ पडले होते. जुने झाले की रबर कडक होऊन तडकते. हे मऊ पडले ते तेलात भिजून, आणि टर्बो शाबूत असताना एवढे तेल यायचे कुठून? त्याने गाडी सपाटीला लावून इंजिन थंड होऊ दिले, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली. तेल वरच्या खुणेच्या बरेच पलीकडे होते. मागच्या सर्व्हिसिंगला जास्त भरले गेले होते आणि ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, वाटेने हवेच्या पाईपांत उतरत होते. त्याने जास्तीचे तेल काढले, ब्रीदर साफ केला, इंटरकूलर उतरवून आतला तेलाचा साठा ओतून टाकला, आणि टॅक्सीवाल्याला डिपस्टिक बघायला शिकवले: सकाळी, पहिल्या भाड्याच्या आधी, गाडी सपाट जागी उभी असताना.